होल जुळले की सांगतो

चाकण-तळेगाव रस्त्यानं दिवाळीत जाताना ज्या वावरात कांदा लावलेला दिसला, तिथंच शिमग्याला निळ्या पत्र्याची शेड उभी दिसली तर दचकू नका. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली या पट्ट्यात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. शेड कोणाची, असं विचारलं की लोक गाडीच्या ब्रँडचं नाव सांगतात. कोणी बांधली, असं विचारलं की पाटीवर लिहिलेल्या कंपनीचं नाव सांगतात. वर चढून ज्यांनी ती प्रत्यक्ष जोडली ते बारा-पंधरा लोक तोवर पुढच्या साइटवर पोचलेले असतात, आणि तिथं फोन लावून "कुठवर आलं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "साहेब, होल जुळंना. जुळले की सांगतो."

माझा या लोकांत रोजचा वावर. हुद्दा साइट इंजिनिअरचा. काम म्हणजे वरच्या माणसाचं म्हणणं खालच्या माणसाला आणि खालच्याचं वरच्याला, शिव्या गाळून, पोचवणं.

तयार शेडचं तत्त्व मोठं सुंदर आहे. कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन, मशीनवर प्लेट कापायची, मशीननंच होल पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचा. साइटवर आणा, क्रेननं उचला, बोल्ट मारा, घरी जा. शेड विकायला आलेला साहेब हे समजावताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवतो. ती अडकतात, कारण दोन्ही हात त्याचेच असतात. साइटवर एक हात फॅब्रिकेटरचा असतो आणि दुसरा सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरचा.

20 मिलिमीटरच्या बोल्टला होल 22 मिलिमीटरचं. आयएस 800 या मानकानं मनुष्यस्वभावाला दिलेली सूट एवढीच, 2 मिलिमीटर. त्यात फॅब्रिकेटरची घाई, वेल्डिंगनं आलेला बाक, ट्रेलरला लागलेले खड्डे, सिव्हिलवाल्याचा आत्मविश्वास आणि मे महिन्याचं ऊन, सगळं बसवायचं.

ऊन हे मी गंमत म्हणून घातलेलं नाही. पोलाद एक अंशानं तापलं की मीटरमागे 0.012 मिलिमीटर वाढतं. ऐकायला किरकोळ. पण 100 मीटर सलग लांबीचं पोलाद पहाटेपेक्षा दुपारी 30 अंशांनी जास्त तापलं तर ते 36 मिलिमीटरनं लांबतं. म्हणून सकाळी आठला जो बोल्ट बोटानं आत गेला असता तो दुपारी दोनला घणानंही जात नाही. आमचा परभणीचा फिटर "उद्या सकाळी जमंल" म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो, भौतिकशास्त्र सांगत असतो. बहुतेक वेळा. कधी कधी टाळाटाळही असते.

पहिली तारांबळ उडते ती जमिनीवरच, अँकर बोल्टपाशी. काँक्रीटच्या पेडेस्टलमधून चार, सहा किंवा आठ बोल्ट वर आलेले असतात आणि कॉलमच्या बेसप्लेटला तेवढेच होल. लग्नाच्या पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले तरी गुरुजी "हरकत नाही" म्हणतात. इथं 8 पैकी 7 जुळून उपयोग नाही. आठव्यासाठी अख्खा कॉलम क्रेनला लोंबकळत राहतो आणि क्रेनचं भाडं तासावर असतं.

मग मंडळी जमतात. सिव्हिलवाला कॉलमकडे न बघता सांगतो, "आमचे बोल्ट लाइनीत आहेत. प्लेट चुकलीय." फॅब्रिकेटरला फोन लावला की तो म्हणतो, "सर, आमचं सीएनसी मशीन आहे." हे वाक्य वाद मिटल्याच्या सुरात म्हटलं जातं. कन्सल्टंट विचारतो, "टेम्प्लेट वापरलं होतं का?" टेम्प्लेट म्हणजे काँक्रीट ओतताना बोल्ट हलू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर बसवायची होल पाडलेली प्लेट. ते वापरलेलं असतंच. फक्त ऐन काँक्रीटच्या वेळी व्हायब्रेटर घालायला अडचण होत होती म्हणून काढून ठेवलेलं असतं. शोधाशोध केल्यावर ते सिव्हिलवाल्याच्या झोपडीत सापडतं, वर चहाचे ग्लास मांडलेले.

गॅसकटरवाला हे सगळं लांबून बघत बिडी ओढत बसलेला असतो. शेवट आपल्याकडेच येणार हे त्याला ठाऊक असतं. बोल्टचं होल साइटवर हातानं गॅसनं कापायला मानकाची मनाई आहे, पण बेसप्लेटच्या होलापुरती दुरुस्ती म्हणून मुभा आहे. मानक लिहिणाऱ्या समितीत एक तरी माणूस साइटवर जाऊन आलेला होता, याचा माझ्या मते याहून बळकट पुरावा नाही.

वर, राफ्टरच्या म्हणजे छपराच्या तिरक्या तुळईच्या जोडावर, ती मुभा संपते. तिथं टॉमी लागतो. नवा ट्रेनी पहिल्या दिवशी "टॉमी आण रे" हे ऐकून सिक्युरिटीच्या कुत्र्याकडे बघतो. टॉमी म्हणजे एका बाजूला निमुळती होत गेलेली हातभर सळई. आमचा फिटर राफ्टरवर दोन्हीकडे पाय सोडून बसतो. खाली 12 मीटर मोकळी हवा, समोर क्रेनला लटकलेला राफ्टरचा दुसरा अर्धा भाग संथ झुलतोय. दोन प्लेटांच्या होलांतून उजेडाची बारीक कोर दिसायला लागली की तो त्या फटीत टॉमीचं टोक घालतो आणि सगळं अंग मागं टाकून दाबतो. कोर थोडी रुंदावते. खालचा रिगर ऑपरेटरला हात करून ओरडतो, "एक सूत हाबिज! बस, बस! अर्धा सूत आरया!" हाबिज म्हणजे वर, आरया म्हणजे खाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, बोलणी सुतात, आणि सूट 2 मिलिमीटरची. तरीही दर वेळी कुठल्या तरी क्षणी कोर भरते, पलीकडचं आभाळ पूर्ण गोल दिसतं, फिटर डाव्या हातानं कमरेच्या पिशवीतला बोल्ट काढतो आणि आत सोडतो. एक बोल्ट गेला की बाकीचे मुकाट्यानं जातात. जे जात नाहीत त्यांच्यासाठी घण आहे.

याच शेडमध्ये पुढं रोबो बसणार. गाडीच्या दाराची फट ते दशांश मिलिमीटरात मोजणार. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर मात्र "अर्धा सूत आरया"वर उभं आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता तात्यांबद्दल. प्रत्येक साइटवर एक तात्या असतात. कुठं अण्णा म्हणतात, कुठं शेठ. शेड ज्या जमिनीवर उभी राहतेय ती मुळात त्यांची. जमीन गेली, पैसे आले, त्यातून हायड्रा आली. हायड्रा म्हणजे चार चाकांची, पुढं सोंड काढून माल उचलून चालत नेणारी क्रेन. ती तात्यांची, पाण्याचा टँकर पुतण्याचा, भंगार उचलायचं काम मेव्हण्याकडे, आणि आमची पोरं ज्या खोल्यांत सात-आठ जण मिळून राहतात त्या खोल्या तात्यांच्या भावाच्या. तात्या पांढऱ्या कपड्यांत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले असतात. कामात बोलत नाहीत. फक्त एखाद्या कॉलमकडे बोट करून म्हणतात, "तिथं आमचा कांदा लई पोसायचा."

एका साइटवर एका फुटिंगचा खड्डा काही केल्या तळ धरेना. मुरूम लागायला हवा होता, तिथं भराव निघत होता. माती परीक्षणाचा जाडजूड अहवाल पुन्हा उघडला गेला, कन्सल्टंटांची मीटिंग झाली, आणखी एक बोअर मारायचं ठरलं. तात्या दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "तिथं कशापायी खांदताय? जुनी विहीर हाय ती. 85 सालात बुजवली आम्ही."

"तात्या, आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं का कुणी?"

खरं होतं. अहवालात सगळं विचारलं होतं, तात्यांना सोडून.

तात्यांची हायड्रा सकाळी नऊला यायची असते. नऊ वाजता ऑपरेटर फोनवर सांगतो, "निघालोय, पाच मिनिटं." दहाला सांगतो, "तळेगाव चौकात आहे." अकरालाही तळेगाव चौकातच असतो, आणि मागं तुंबलेल्या गाड्यांमधले लोक आपण हायड्रामुळे अडकलोय असं समजून हॉर्न वाजवत असतात. हायड्रावाला पुढच्या कंटेनरला वाजवत असतो. 1660 साली शायिस्तेखानानं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. आज खान भोसरीहून निघाला असता तर फिरंगोजींना तलवार काढायचं कारणच पडलं नसतं. खान मोशीच्या पुढं सरकेपर्यंत पावसाळा संपला असता.

लांब राफ्टरचे ट्रेलर म्हणूनच रात्री येतात. रात्री दोनला ट्रेलर, तीनला उतरवणं, सकाळी आठला टूलबॉक्स टॉक.

टूलबॉक्स टॉक हा सकाळचा हरिपाठ. सगळे हेल्मेट घालून रांगेत. सेफ्टी ऑफिसर हा नुकताच डिप्लोमा घेतलेला, सज्जन, घसा बसलेला मुलगा. त्याच्यासमोर झारखंड, बिहार, ओडिशा, बंगाल, लातूर आणि नांदेड उभे असतात. तो ज्या हिंदीत बोलतो ती यांतल्या कुठल्याच प्रांतात बोलत नाहीत. शेवटी तो विचारतो, "समझ गया?" सगळे एका आवाजात "जी सर" म्हणतात. मग एकेकाची सही. हा कागद फार महत्त्वाचा. पुढं काही झालंच, तर त्याला सगळं समजलं होतं हे सिद्ध करायला तो लागतो.

उंचीवर चढायला हाइट पास लागतो. त्यासाठी बीपी तपासतात, चक्कर येते का विचारतात, आणि जमिनीपासून गुडघाभर उंच ठेवलेल्या बीमवरून चालून दाखवायला सांगतात. वीस वर्षं राफ्टरवर काढलेले आमचे मालद्याचे एक चाचा त्या गुडघाभर उंचीवरून दोनदा खाली उतरले. "इतना लोग देखता है तो शरम लगता है," म्हणाले. पास मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी गर्दी कमी असताना मिळाला.

आत न्यायच्या प्रत्येक पान्याची गेटवर यादी, तीन प्रतींत. टॉमीचं टोक बघून सिक्युरिटीचे मामा दर वेळी विचारतात, "हे कशाला?" होल जुळवायला, असं सांगितलं की ते माझ्याकडे फार वेळ बघतात.

आणि सेफ्टीचा पट्टा. आता पट्ट्याला दोन हुक असतात. पुढचा अडकवल्याशिवाय मागचा सोडायचा नाही, म्हणजे माणूस वर असताना कधीच मोकळा नाही. नियम चोख आहे. एकदा टूलबॉक्स टॉकमध्ये आमच्या फिटरनं विचारलं, "हुक लाइफलाइनला अडकवायचा, कबूल. पण लाइफलाइन बांधायला जो पैल्यांदा जातो त्यानं कशाला अडकवायचा?" सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "चांगला प्रश्न आहे." तो मिनिट्समध्ये घेतला गेला. उत्तर आहे, बूमलिफ्ट. पाळण्यात उभं राहून जायचं आणि पाळण्यालाच हुक अडकवायचा. पण बूमलिफ्टचं भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं हा प्रश्न पुढच्या मिनिट्समध्ये गेला, आणि ती येईपर्यंत चार दिवस काम थांबलं. ते चार दिवस थांबलं हे योग्यच झालं, असं मी शेडच्या मालकांना सांगितलं. त्यांनी हो म्हटलं आणि उशिराचा दंड बिलातून कापला.

एका कंपनीच्या सेफ्टी रूममध्ये न्यूयॉर्कचा तो प्रसिद्ध फोटो लावलेला आहे: 20 सप्टेंबर 1932, रॉकफेलर सेंटर, एका बीमवर अकरा कामगार ओळीनं बसून डबा खातायत आणि पायाखाली अख्खं शहर. खाली इंग्रजीत 'टीमवर्क' असं लिहिलंय. आमची पोरं इंडक्शनसाठी तिथं बसली होती, तेव्हा त्यांनी फोटोची तपासणी केली. एकालाही पट्टा नाही. हेल्मेट नाही. एक जण दुसऱ्याची सिगारेट पेटवून देतोय. "गेटपास जप्त," नांदेडचा वेल्डर म्हणाला. "अकराच्या अकरा." चाचा बराच वेळ बघून म्हणाले, "सब इधर बैठा है, तो काम कौन करता है?" तो फोटो इमारतीच्या जाहिरातीसाठी मुद्दाम बसवून काढलेला होता, हे मी सांगितल्यावर सगळ्यांचं समाधान झालं. साहेब येणार असले की आम्हीही असेच फोटो काढतो, फक्त पट्टे घालून.

न्यूयॉर्कच्या पोलादी इमारतींवर मोहॉक या आदिवासी जमातीच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं, आणि त्यांना उंचीची भीतीच नसते अशी एक दंतकथा तिकडे आहे. 29 ऑगस्ट 1907 ला कॅनडात क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला. 75 कामगार गेले. त्यांत 33 मोहॉक होते, काह्नावाके या एकाच वस्तीतले. तिथल्या बायकांनी मग सगळ्या पुरुषांनी एका कामावर जायचं नाही असा हट्ट धरला, असं सांगतात. आमच्याकडेही टोळी एकाच गावची असते. भाऊ, चुलतभाऊ, मेव्हणा, मेव्हण्याचा मित्र. परभणीवाल्याला मी एकदा विचारलं, भीती वाटते का? तो म्हणाला, "वाटती की. ज्याला वाटत नाही त्याला आम्ही वर नेतच नाही."

आमची कमाई किलोवर. शेडचं वजन जेवढं, तेवढ्या किलोंचे पैसे. चाकणच्या बाजारात कांदा किलोवर आणि शेजारच्या एमआयडीसीत पोलादही किलोवर. ते उचलून 12 मीटरवर नेऊन जागेवर बसवायचा किलोचा भाव बाजारातल्या कांद्याच्या भावाखाली असतो, असं बऱ्याचदा होतं. बिलिंगच्या टेबलावर बसलेला इंजिनिअर आम्ही कधी वर चढताना पाहिलेला नाही, पण वजा करण्यात त्याचा हात धरणारा नाही. केंद्राच्या सीपीडब्ल्यूडी या बांधकाम खात्याच्या मोजमापाच्या नियमांत बोल्टच्या होलाचं वजन कापत नाहीत. या गृहस्थानं कापलं. 10 मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधलं 22 मिलिमीटरचं होल म्हणजे साधारण 30 ग्रॅम पोलाद. गुणिले सगळे होल. ज्या होलानं दोन दिवस आमचा जीव खाल्ला, तेच होल बिलातही आमच्या नावावर निघालं. मी म्हटलं, "साहेब, मग बोल्टचं वजन धरा." तो म्हणाला, "बोल्ट रेटमध्ये इन्क्लूडेड आहेत."

काम तपासायला थर्ड पार्टी इन्स्पेक्टर येतो. जास्त ताकदीचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं आवळायचे आणि आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारायची, अशी पद्धत. इन्स्पेक्टर शिडीपाशी येतो, शिडीकडे बघतो, शिडीच्या वरच्या टोकाकडे बघतो आणि म्हणतो, "रेघा दिसतायत." मग वरच्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, यानं खालून रिपोर्ट लिहायचा. हल्ली ड्रोन आलाय. ड्रोनला हाइट पास लागत नाही.

सणांचं गणितही सांगायला हवं. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. बिहार, झारखंड, बंगालच्या पोरांचा हा मोठा दिवस. हायड्राला हार, वेल्डिंग मशीनला कुंकू, बुंदी, आणि दिवसभर काम बंद. पुढं काही दिवसांनी खंडेनवमी-दसरा. मराठवाड्याची पोरं त्याच हायड्राला झेंडूचा हार घालतात, पान्यांना हळदकुंकू वाहतात. ठेकेदार दोन्ही वेळा नारळाचे पैसे देतो आणि दोन्ही वेळा विचारतो, "आत्ताच तर झाली ना पूजा?"

गावाकडे आमच्या पोरांचं लग्न जमवणं हा वेगळा विषय आहे. "मुलगा काय करतो?" "चाकणला कंपनीत आहे." इथवर पाहुणे खूश. "कोणत्या?" इथं अडतं, कारण तो दर तिमाहीला कंपनी बदलतो. जर्मन मोटारीच्या कारखान्यात होता, तिथून गोदामात, तिथून कोरियन कंपनीत. मुलीच्या बापाला वाटतं, पोरगं कुठं टिकत नाही. शेवटी आमच्या वेल्डरच्या मामानं स्पष्टच सांगितलं, "अहो, तो कंपनीत नाही, कंपनीवर असतो." स्थळ मोडलं. पुढच्या वर्षी दुसरीकडे जमलं. मुलीला एकटीला हे ऐकून हसू आलं होतं म्हणे.

शेड पूर्ण झाली की उद्घाटन. त्याच्या दोन दिवस आधी आम्हाला बाहेर काढतात, कारण फरशीला पॉलिश झालेलं असतं आणि आमच्या बुटांना ग्रीस. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव, चेअरमनचं नाव, आर्किटेक्टचं नाव. आमच्या पोरांची नावं राफ्टरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेली असतात, कधी सोबत आणखी एक नाव आणि बदाम. ती खालून वाचता येत नाहीत. इन्स्पेक्टर वर गेला असता तर त्याला दिसली असती.

सरकारदरबारी या कामाची नोंद आहे, असं म्हणायला जागा आहे. 1996 च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर उपकर सुरू झाला, महाराष्ट्रात 1 टक्का, आणि तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. नोंदणी केलेल्या कामगाराला मंडळाकडून सुरक्षेचं सामान, पेटी, संसाराची भांडी असं मिळतं. अट अशी की वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. आमच्या फिटरनं 90 सोडा, वर्षातले सणवार सोडून सगळे दिवस काम केलेलं असतं. पण ते चार साइटवर, चार ठेकेदारांकडे. पहिला म्हणतो माझ्याकडे 90 भरले नाहीत. दुसरा म्हणतो सही करतो, आधी तो आठ नंबरचा जॉइंट संपव. तिसऱ्याचा फोन लागत नाही. डोक्यावर ज्यानं एवढी छपरं घातली त्याला आपण बांधकाम करतो याचा कागद मिळवायला दोन दिवसांची हजेरी बुडवावी लागते. चाचांना भांडी मिळाली तेव्हा ती त्यांनी मालद्याला पाठवून दिली, कारण खोलीवर स्वयंपाकाची पाळी त्यांची कधी येत नव्हती, पोरं येऊ देत नव्हती.

चाकणमध्ये, तळेगावला किंवा आणखी कुठं तुम्ही शेड बांधणार असाल तर दोन गोष्टी ऐका. पहिला कॉलम साइटवर यायच्या आधी स्वतः टेप घेऊन अँकर बोल्ट मोजा, आणि नुसती लांबी-रुंदी नव्हे, कर्णही मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच क्रेन बोलवा. आणि छपरात उजेडासाठी जे पारदर्शक पत्रे घालता त्यांच्याखाली जाळी टाका. छपराची कड दिसते म्हणून माणूस तिला जपतो. धूळ बसलेला तो पत्रा शेजारच्या पोलादी पत्र्यासारखाच दिसतो आणि पाय पडला की फुटतो. जाळीचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा हे मिनिट्समध्ये घेत बसू नका, तुमच्या खात्यात टाका.

आणि हो, तात्यांना विचारा, विहीर कुठं होती.